शाळेसाठी निधी मागताना: कुणाकडे, कधी आणि कोणत्या कागदावर

प्रश्न असा आला आहे: "मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शाळा पहिली ते सातवी, पट ६८. दोन खोल्या गळतात, एका भिंतीला तडा गेलाय. सहावी-सातवीला मिळून १७ मुलं आहेत आणि तीन शिक्षकांपैकी एक जाणार असं कानावर येतंय. पंचायत समितीत चार खेपा झाल्या, 'निधी नाही' एवढंच उत्तर मिळतं. आम्ही शेतमजूर आणि बचत गटातल्या बाया. आमदारापर्यंत, कायद्यापर्यंत आमचं कोण ऐकणार? सुरुवात कुठून करू?"

ताई, आधी 'निधी नाही' या दोन शब्दांचं बघू. ते ऐकून परत फिरायचं नसतं. तिथंच बसून विचारायचं: कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात, नाही? कोणत्या आर्थिक वर्षात नाही? आणि आमच्या शाळेचा प्रस्ताव तुमच्या कार्यालयातून वर गेलाय का, गेला असेल तर जावक क्रमांक काय? गेली सतरा-अठरा वर्षं मी शाळा समित्यांबरोबर काम करतोय. बहुतेक वेळा गाडी तिसऱ्या प्रश्नावर अडते. प्रस्तावच गेलेला नसतो. पैसा कुणी नाकारलेला नसतो, कारण तो कागदावर कुणी मागितलेलाच नसतो.

हे मी फार उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत मोठी होती. २०११ च्या मार्च महिन्यात आम्ही एका तालुक्याच्या गावी मोर्चा नेला होता. तीनेकशे माणसं, त्यात निम्म्याहून जास्त आया, एका वाडीच्या शाळेच्या चार खोल्यांसाठी. साहेब खाली आले, निवेदन घेतलं, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीही आली. आम्हाला वाटलं, काम झालं. जुलैत त्यातल्या एका खोलीची भिंत रात्री पडली. रात्री पडली म्हणून मुलं वाचली. मी रागाने कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या एका जुन्या लिपिकाने मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "तुम्ही आलात तेव्हा पुढच्या वर्षाचं सगळं ठरून गेलं होतं. आणि तुमच्या निवेदनात खोल्यांची मापंसुद्धा नव्हती. मी ते कोणत्या फायलीला लावणार होतो?" त्या माणसाने मला जे शिकवलं तेच आज तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, अकरा जणी आणि मी, हातात मोजमापाचा कागद आणि ठरावाची प्रत. मोर्चा नव्हता. त्या खोल्या झाल्या.

तुमच्या हातात काय आहे ते आता बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ ने तुमची समिती जन्माला आली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला, आणि वंचित व दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण भिंतीवर रंगवलेलं असतं. भिंतीवर रंगवलेलं नसतं ते कलम २२. शाळा व्यवस्थापन समिती शाळा विकास आराखडा तयार करेल, आणि तोच आराखडा सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानांचा आधार असेल, असं ते कलम म्हणतं. शब्द नीट वाचा. आधार. जिल्हा परिषद तुमच्या शाळेला काय देणार हे तुमच्या आराखड्यावरून ठरावं, असं देशाच्या संसदेने लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात काय होतं? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा आराखडा काढतात, तारीख बदलतात, अध्यक्षांची सही घेतात. तुमच्याही शाळेत असंच झालं असेल तर मुख्याध्यापकांवर चिडू नका. त्यांच्याकडून वर्षभरात इतके तक्ते आणि ऑनलाइन माहित्या मागितल्या जातात की हा आराखडाही त्यातलाच एक होऊन बसलाय. पण यंदा तो तुम्ही लिहायचा.

कसा लिहायचा? टेप घ्या, वही घ्या, चार आया आणि एखादा गवंडीकाम जाणणारा पालक घ्या. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, छत कशाचं, गळती कुठे, तडा किती लांब, बांधकाम कोणत्या साली झालं. मुलींचं स्वच्छतागृह सुरू आहे की कुलूप आहे, पाणी येतं का, रॅम्पला कठडा आहे का. फोटो काढा, मागे तारीख लिहा. मग पुढच्या तीन वर्षांत पट किती असेल याचा अंदाज. गावातल्या अंगणवाडीच्या हजेरीपटावरून तो अगदी नीट काढता येतो, आणि हा आकडा फार कामाचा आहे. त्यावरून किती शिक्षक लागतील, किती खोल्या लागतील, किती पैसे लागतील. खर्चाचा आकडा तुम्हाला बिनचूक काढायचा नाही, ते अभियंत्याचं काम आहे. पण गरज कोणत्या जागी, किती, आणि कधीपासून, हे तुमच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.

गळक्या खोल्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक समित्या इथेच वर्षानुवर्षं अडकतात. मोडकळीस आलेली खोली पाडायची तर तिचं निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे बांधकाम उपविभागाचा अभियंता येऊन पाहणी करणार, खोली वापरायोग्य नाही असा अहवाल देणार, प्रस्ताव जिल्हा परिषदेत जाणार, मंजुरी येणार, मगच ती खोली कागदावरून पुसली जाते. हे होईपर्यंत यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या, नोंदीत ती खोली 'आहे' असंच दिसतं. आणि खोली 'आहे' म्हटल्यावर नवीन खोलीची गरज शून्य. मुलं व्हरांड्यात बसतात, नोंदीत मात्र चार खोल्या चकाचक उभ्या असतात. म्हणून तुमचा पहिला ठराव पैशाचा नको, पाहणीचा करा. साधारण असा:

"आज दि. … रोजीच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करण्यात येतो की, शाळेच्या खोली क्र. २ व ३ च्या छताची गळती आणि खोली क्र. ३ च्या भिंतीस गेलेला तडा पाहता सदर खोल्यांत मुलांना बसविणे धोक्याचे आहे. बांधकाम उपविभागाने पंधरा दिवसांत पाहणी करावी व अहवालाची प्रत समितीस द्यावी. पाहणीनुसार विशेष दुरुस्तीचा अथवा निर्लेखनाचा व नवीन वर्गखोलीचा प्रस्ताव सादर व्हावा. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर."

मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. कधी कधी ते असा ठराव लिहायला कचरतात, वरून कुणी बोलेल म्हणून. त्यांना सांगा, ठराव समितीचा आहे, सचिव फक्त नोंद करतात. त्यांना नोकरीचे नियम आहेत, तुम्हाला नाहीत. म्हणूनच ही लढाई शिक्षकांच्या पुढे उभं राहून पालकांनी लढायची असते. ठरावाच्या तीन प्रती करा. एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक उपअभियंत्यांना, एक ग्रामपंचायतीला. आणि चौथ्या प्रतीवर प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्या शिक्क्याशिवाय तुम्ही गेलातच नाही असं समजा. चार खेपा झाल्या म्हणता, पण त्यातल्या एकीची तरी पोच आहे का तुमच्याकडे?

आता पैसा नेमका कुठे असतो. शाळेच्या खात्यावर समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. यातून वीजबिल, खडू, किरकोळ डागडुजी एवढंच निघतं, आणि ते अनेकदा वर्ष सरता सरता हाती पडतं. याचा हिशेब समितीपुढे ठेवून घ्याच, तो तुमचा अधिकार आहे. पण यातून छत होणार नाही, त्यासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका.

छताचा पैसा तीन ठिकाणी असतो. पहिलं, जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सचिव, तिथे शाळा दुरुस्ती आणि वर्गखोल्या यांच्यासाठी तरतूद असते. मोठा पैसा इथेच. याचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर त्याची बैठक होते. म्हणजे तुमचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातल्या यादीत दिवाळीच्या आसपास असायला हवा. दुसरं, जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी, ज्याला सगळे सेस म्हणतात. तिसरं, ग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी आणि गावाचा विकास आराखडा. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा याच्यासाठी आहेत. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, असेल तर आदिवासी योजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधीही ग्रामपंचायतीकडे येतो, आणि त्याच्या वापराच्या यादीत शिक्षण बसतं.

ग्रामसभेचं खास सांगतो. शाळेचा विषय ऐनवेळच्या विषयांत टाकू देऊ नका. ऐनवेळचा विषय म्हणजे लोक उठून चपला शोधायला लागल्यावर निघणारा विषय. आठ दिवस आधी ग्रामसेवकांना लेखी द्या, विषयपत्रिकेवर क्रमांकासह घ्यायला लावा. आणि त्या दिवशी आयांनी पुढच्या रांगेत बसायचं. बचत गटाच्या बाया आहात म्हणता, तुमच्याकडे दर महिन्याला जमणारी, सही करता येणारी, हिशेब ठेवणारी माणसं तयार आहेत. आमदाराकडेसुद्धा एवढी नेटकी यादी नसते.

एक गोष्ट मात्र जपा. लोकवर्गणी. कुणीतरी म्हणेल, सरकारच्या मागे कशाला लागता, घरटी पाचशे रुपये काढू आणि पत्रे टाकू. पावसाळा तोंडावर असेल आणि मुलं भिजत असतील तर टाका पत्रे, मी अडवणार नाही. पण त्याच सभेत लिहून ठेवा की ही तात्पुरती सोय पालकांनी केली आहे, पक्क्या दुरुस्तीची मागणी कायम आहे. नाहीतर पुढच्या वर्षी यादीतून नाव जातं, 'त्या शाळेचं झालंय' म्हणून. वर्गणीतून ग्रंथालय करा, बाग करा, खेळाचं साहित्य आणा. डोक्यावरचं छत, पाणी, संडास आणि शिक्षक हे कायद्याने देणं आहे, त्याची वर्गणी काढायला लागलो की देणेकरी मोकळा होतो. याच कारणाने सप्टेंबर २०२३ मधल्या शाळा दत्तक योजनेबद्दल मला अस्वस्थ वाटलं. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षं शाळा दत्तक घ्यायची, ठरलेली रक्कम दिली तर शाळेला आपलं नावही जोडता यायचं. मदत करणाऱ्याचा हात मी कधी झिडकारला नाही. पण शाळा गावाची असते आणि तिची जबाबदारी सरकारची. दत्तक पोरकी मुलं घेतात.

शिक्षकाचा प्रश्न छताहून अवघड आहे, आणि त्याला तारीख आहे: ३० सप्टेंबर. त्या दिवसाचा पट धरून पुढची संचमान्यता होते, म्हणजे तुमच्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं. वर्गात बसलेली मुलं पुरत नाहीत, पोर्टलवर आधार वैध झालेली मुलं मोजली जातात. नाव आणि जन्मतारखेत एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मूल वर्गात असूनही मोजणीत नसतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले वीटभट्टी मजूर, यांची मुलं इथेच गळतात. हे काम शिक्षकावर सोडू नका. जुलैतच मुख्याध्यापकांकडून यादी घ्या, कोणाचं आधार जुळत नाही ते बघा, आणि दोन पालक बरोबर देऊन त्या मुलांना केंद्रावर पाठवा. एका वस्तीवर चार मुलांची आधार दुरुस्ती झाल्याने एक शिक्षक टिकलेला मी पाहिलाय. चार मुलं.

तुमच्या सहावी-सातवीचं काय? १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर त्या वर्गांना शिक्षक मंजूर होणार नाही अशी स्थिती आली. शिक्षक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, सप्टेंबर २०२४ मध्ये सामूहिक रजेवर गेले. तुमचा १७ चा आकडा ऐकून म्हणूनच मला काळजी वाटली. पण कायद्याची अनुसूची काय म्हणते ते पाहा: सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कलम २६ म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. तीन पदांच्या शाळेत एक रिकामं राहिलं तर किती टक्के झाले हे तुमच्या सहावीतल्या मुलांना काढायला सांगा, आणि त्यांनी काढलेलं उत्तर निवेदनाला जोडा. आधी मात्र गटशिक्षण कार्यालयातून तुमच्या शाळेच्या यंदाच्या संचमान्यतेची प्रत मागून घ्या आणि ती कोणत्या शासन निर्णयानुसार झाली, हे लेखी विचारा.

इथे एक उतरंड पक्की लक्षात ठेवा. सगळ्यात वर संविधान, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेलं अनुच्छेद २१अ. मग कायदा. मग नियम. मग शासन निर्णय. मग परिपत्रक आणि साहेबाचं पत्र. खालच्याने वरच्याला छेद द्यायचा नाही. शाळेच्या बाबतीत बहुतेक मोठे निर्णय मात्र विधानसभेत चर्चा होऊन येतच नाहीत, ते खालच्या तीन पायऱ्यांवर येतात. २१ सप्टेंबर २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, ते शिक्षण आयुक्तांच्या पत्राने. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त, आणि त्यात पावणेदोन लाखांहून अधिक मुलं. या मुलांचं भवितव्य पत्राने हलू शकतं. म्हणून कुणी 'शाळा बंद होणार' म्हणालं की घाबरून दुसऱ्या शाळेत नाव घालू नका. नाव काढलं की पट उतरतो आणि अफवा खरी होते. विचारा: आदेश दाखवा, क्रमांक आणि तारीख सांगा. आमच्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस बंद असतो, हे तुम्ही आराखड्यात लिहिलंत तर ते अंतर नकाशावर मोजणाऱ्यालाही कळेल. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं २०२२ साली गावातली शाळा बंद करण्याविरुद्ध बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेत गेली होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. लहान मुलांना ते करावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

कायद्यापुढे पालकांचं ऐकलं जातं का, असं तुम्ही विचारलंत. अलीकडचंच सांगतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमांत बदल केला: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला वंचित व दुर्बल घटकातल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला स्थगिती आली, १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, कारण नियम मूळ कायद्याला छेद देत होता. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. माझे काही जुने सहकारी म्हणतात की त्या २५ टक्क्यांमुळे जिल्हा परिषद शाळांचा पट घटतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी स्वतः तशा शाळा पाहिल्यात. तरीही मला तो निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण उद्या तुमच्या शिक्षकासाठी हेच म्हणायचं आहे: आधी कायदा, मग तुमचा नियम. आणि न्यायालयाच्या आधीची एक पायरी पालक नेहमी विसरतात. नियमांचा मसुदा निघतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. तालुक्यातल्या चाळीस समित्यांनी प्रत्येकी एक पानाची हरकत पाठवली तर ती नोंदीत येते. ठरावाइतकाच वेळ लागतो.

न्यायालयाच्याही आधी तुमच्याजवळ शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काबद्दलची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, लेखी करायची. तीन महिन्यांत निर्णय द्यायलाच हवा. नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. वकील लागत नाही. मला आश्चर्य वाटतं की इतकं सोपं कलम इतके कमी लोक वापरतात. आणि कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांत, तीस दिवसांत. 'शाळेच्या दुरुस्तीची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. 'सन अमुक ते तमुक या काळात तालुक्यातून पाठवलेल्या वर्गखोली दुरुस्ती प्रस्तावांची यादी, दिनांक व सद्यस्थितीसह' असं लिहा.

आता आमदार. त्यांच्याकडे गेलात की ते बहुधा स्वतःच्या स्थानिक विकास निधीतून काहीतरी देतो म्हणतील. वर्षाला पाच कोटी असतात आणि मागणारे शेकडो. देत असतील तर घ्या, पण तिथे थांबू नका. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा ज्या फक्त तेच करू शकतात. एक, जिल्हा नियोजन समितीत तालुक्यातल्या सगळ्या धोकादायक खोल्यांची यादी मांडणं. तुमच्या एका शाळेची नको, सगळ्यांची. एका शाळेचा आग्रह उपकारासारखा दिसतो आणि यादी धोरणासारखी. दोन, सभागृहात प्रश्न. अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, त्यामुळे हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीच्या आतच त्यांच्या स्वीय सहायकांच्या हातात तयार मजकूर द्या. 'शाळांची दुरवस्था दूर होणार का' असा प्रश्न दिला तर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं. त्याऐवजी: अमुक तालुक्यात निर्लेखनाचे किती प्रस्ताव किती महिन्यांपासून प्रलंबित आहेत, किती वर्गखोल्यांना प्रशासकीय मान्यता मिळाली, किती निधी मार्चअखेर परत गेला. आकडा मागणाऱ्या प्रश्नाला आकडाच द्यावा लागतो. मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. शिवाय विनंती अर्ज समिती आहे, पण अर्ज सदस्यामार्फतच मांडावा लागतो.

एक विसंगती मला कायम टोचते. आपल्या विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत. पण त्यांना मत देता येतं ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. तुमच्या शाळेतल्या गुरुजींना तिथे मत नाही. म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेच्या वतीने बोलणारा हक्काचा माणूस सभागृहात कुणीच नाही. शिवाय २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते, तेव्हा तर गावाचा सदस्यही नव्हता. ती मोकळी जागा समित्यांनीच भरायची आहे. तुमची एकटी समिती हे करू शकणार नाही. केंद्रातल्या दहा-बारा शाळांच्या अध्यक्षांना एकदा बोलवा, कुणाच्या तरी अंगणात, चहावर. प्रत्येकीने आपला मोजमापाचा कागद आणायचा. एवढंच पहिल्या बैठकीचं काम.

शेतमजूर बायांचं कोण ऐकणार, हे वाक्य मात्र पुन्हा लिहू नका. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यांनी हिशेबच मांडला होता: महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, तो पैसा खालच्या शाळांकडे वळवा, बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात अबकारी उत्पन्न आणि शिक्षणाचा खर्च शेजारी शेजारी ठेवून विचारलं की लोकांकडून दारूच्या करात जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तेच सहा टक्के म्हटलं. तुम्ही टेप घेऊन खोली मोजाल आणि आकडा घेऊन कार्यालयात जाल, तेव्हा तो याच हिशेबाचा पुढचा कागद असेल.

आता या महिन्याचं काम. समितीची सभा लावा, नोटीस तीन दिवस आधी, इतिवृत्ताच्या वहीत. वरचा पाहणीचा ठराव घ्या. दुसरा ठराव संचमान्यतेची प्रत मागण्याचा. आधार न जुळलेल्या मुलांची यादी त्याच सभेत वाचून दाखवा आणि कोण कुणाला घेऊन जाणार ते नावानिशी लिहा. मोजमाप त्याच रविवारी. अभियंता पंधरा दिवसांत आला नाही तर सोळाव्या दिवशी स्मरणपत्र, त्यात आधीच्या पत्राचा आवक क्रमांक. आणि शिक्षक मधेच हलवल्याचं कळलं तर त्याच दिवशी कलम ३२ ची तक्रार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या. पोच घ्या, आणि त्या तारखेपासून तीन महिने कॅलेंडरवर मोजायला सुरुवात करा.